मांगरात घडलेला आमचा पहिला अल्बम

गॅरेज रॉक ही संगीतशैली १९६०च्या दशकातल्या अमेरिकेतली. तिथली तरुण मुले घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये मोजक्या कॉर्ड्सची गाणी जोरात वाजवत आणि मिळेल त्या साधनांवर ती ध्वनिमुद्रित करत. आमच्या देवगड तालुक्यात घरोघरी गॅरेज नसते, पण आंबा बागायतदाराकडे मांगर, म्हणजे आंबे ठेवायची जागा, असते. आमच्या चौघांच्या बँडला काकांचा मांगर मिळाला. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौले, आणि मेअखेर शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की आत फक्त आढीचे गवत उरलेले. काकांची अट एकच होती, "फेब्रुवारीत माका मांगर रिकामो होयो."

वेळ मात्र आम्हाला समुद्राने ठरवून दिली. आमचा ड्रमर ट्रॉलरवर खलाशी आहे आणि यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, म्हणून ते ६१ दिवसच आमचे होते. नऊ गाणी चौघांनी एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवायची, असे आम्ही आधीच ठरवले होते. या पद्धतीत प्रत्येक मायक्रोफोनमध्ये इतरांचाही आवाज उतरतो, त्यामुळे एकाचा सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही आणि चौघांनाही पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागते. तरीही मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण एकमेकांकडे पाहून लय किंचित पुढे ओढली जाते, ती वेगवेगळ्या दिवशी वाजवून हाती लागत नाही.

पहिला आठवडा गुणगुण शोधण्यात गेला. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला की गिटारला हात न लावताही एक जाड गुंजन ऐकू येई. पावसात वीज वारंवार जात असल्याने आम्ही सगळे इन्व्हर्टरवर चालवत होतो, आणि तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची लहर गुळगुळीत न देता चौकोनी टप्प्यांनी देणारा, होता. पंखा किंवा दिवा त्यावर निमूट चालतो, पण त्याच्या विजेतला खडबडीतपणा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मोठा करून ऐकवतो. इन्व्हर्टर काढल्यावर आवाज अर्ध्यावर आला, पण थांबला नाही. शेवटी वायरमनला बोलावले, तेव्हा मांगराचे अर्थिंग गंजून तुटल्याचे त्याने दाखवले. मागच्या अंगाला खड्डा खणून त्याने कोळसा आणि मीठ यांच्या थरांत नवा पाइप पुरला. त्या संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर प्रथमच बेडकांचा आवाज ऐकू आला, तो आनंद मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

ड्रमसाठी आमच्याकडे तीनच मायक्रोफोन होते. एक बेस ड्रमसमोर ठेवला आणि उरलेले दोन वरच्या बाजूला. वरचे दोन्ही स्नेअरपासून, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमपासून, समान अंतरावर असावे लागतात, कारण हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो आणि अंतरात फरक पडला की दोन्हीकडचा ठोका एकमेकाला पोकळ करतो. ड्रमरने जाळे विणण्याची नायलॉनची दोरी आणली, तिचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरले, दोरीला गाठ मारली आणि ती गाठ दोन्ही मायक्रोफोनना टेकवून पाहिली. गाठ असलेली ती दोरी अजून मांगरातल्या खुंटीला आहे. चिऱ्यांवरून परत येणारा आवाज आवरण्यासाठी गवताचे भारे आणि घरातल्या गोधड्या भिंतींना लावल्या, तर खाऱ्या, दमट हवेत गिटारच्या तारा आठवड्याभरात गंजत असल्याने त्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच बदलायचो.

मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळ्या मायक्रोफोनचे आवाज एकत्र जुळवण्यासाठी, आम्ही फाइल्स एका शहरातल्या स्टुडिओकडे पाठवल्या आणि तिथून परत आलेली गाणी ऐकून दोन दिवस कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. प्रत्येक ठोका संगणकाच्या मापात बसवला होता आणि खोलीचा आवाज पुसून टाकला होता. झालेला खर्च सोडून देऊन ते काम मी स्वतः घरी, हेडफोनवर, गणपतीपर्यंत पूर्ण केले. पाचव्या गाण्याच्या शेवटी कौलांवर सर आली आहे. तीच आवृत्ती सर्वांत चांगली वाजली होती, म्हणून पावसासकट ठेवली.

आता डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मांगरासमोरच्या खळ्यात अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार आहोत. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून सुरुवात संध्याकाळी ७ वाजताच ठेवली आहे आणि ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला आहे. दिव्यांची आणि अ‍ॅम्प्लिफायरची वीज या वेळी वेगवेगळ्या फेजवरून घेणार आहोत. ड्रमरची बोट गुरुवारी बंदराला लागेल, शुक्रवारी एकच तालीम होईल, आणि काकांनी खळे सारवायला आत्तापासूनच घेतले आहे.