नऊ नंबरचो माणूस खंय आसा?

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवारी रात्री ढाक्याची फुटबॉल मॅच संपली. मोबाइल उशीवर टाकला आणि तसाच बसून राहिलो. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "हरले मां परत?" स्कोअर तिने विचारलाच नाही. माझी गप्प बसण्याची पद्धत तिला आता पाठ झाली आहे.

बांगलादेश १, भारत ०. बांगलादेशने आपल्याला याआधी हरवलं होतं ते २००३ मध्ये. तेव्हा मी शाळेत होतो आणि फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात चिखलात मारायची वस्तू एवढंच मला माहीत होतं. आता काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळे आकडे समोर मांडल्याशिवाय राहवत नाही. २०२७ च्या आशियाई कपाच्या पात्रता फेरीतले तोवरचे आपले ५ सामने, २ गोल, २ गुण, विजय शून्य, गटात तळाला. आणि गटात कोण? हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. जपान नाही, इराण नाही. असा ताळेबंद मी शेठला दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाऊल टाकलं नसतं.

ढाक्याचं दुःख त्या मानाने कमीच, कारण आशा महिनाभर आधीच संपली होती, १४ ऑक्टोबरला, गोव्यातल्या फातोर्ड्यात, सिंगापूरशी. त्याला मी स्वतः साक्षी आहे.

अर्धी रजा टाकून मी आणि माझा मित्र दुपारी एकला शिरोड्याहून बाइकवर निघालो. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा. मग पेडणे, म्हापसा, पणजी, झुआरीचा नवा पूल, मडगाव. दिवाळी आठवड्यावर होती, त्यामुळे वाटेत जागोजागी पोरं नरकासुराचे पुतळे बांधत होती. कुठे नुसता बांबूचा सांगाडा, कुठे गवत भरलेले पाय तयार, धडाचा पत्ता नाही. मित्र म्हणाला, "आपल्या टीमसारखोच दिसता." मी हसलो नाही. मॅचच्या आधी असलं बोलू नये.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल मारला आणि मी शेजारच्या अनोळखी काकांना मिठी मारली. त्यांच्या हातातला चहा माझ्या शर्टावर. मग आपल्या टीमची जुनी सवय सुरू झाली: एक गोल झाला की पेटीत ठेवायचा आणि पेटीवर बसायचं. बचावाची लाइन एकेक पाऊल मागे. मधली फळी कुठे आहे म्हणून बघावं तर तीही बचावाच्या मांडीवर. बॉल मिळाला की लांब मारायचा, तो तिकडे कोणालाच मिळायचा नाही, परत येणार. हे मी वरच्या पायरीवरून बघत होतो, आणि वरून बघताना जास्त राग येतो, कारण मोकळी जागा दिसते. हाफटाइमला एक मिनिट उरलं असताना सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली. ५८ व्या मिनिटाला दुसराही त्यानेच मारला. काका निघून गेले. चहाचा डाग अजून आहे.

गंमत बघा. त्याच्या पाच दिवस आधी सिंगापुरात आपल्या झिंगनला रेड कार्ड मिळालं, दहा जण उरले, तरी रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी केली. दहा असताना लढतो आणि घरच्या मैदानावर अकरा असताना बसतो. ह्याला काय म्हणायचं?

कोच खालिद जमीलवर राग काढणं सोपं आहे. मीही काढला, परतीच्या वाटेवर म्हापशापर्यंत. पण त्याच्या आधी मार्केझ होता, जो एफसी गोवा हा क्लबही सांभाळायचा आणि देशही. त्याच्या आधी स्टिमॅच. २०२४ चं अख्खं वर्ष आपण एकही सामना जिंकलो नाही. खालिदने तर ऑगस्टमध्ये सूत्रं घेतल्याबरोबर ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा कपात तिसरा नंबर आणला. कोच बदलतोय, आणि गोल कोण मारणार, नऊ नंबरचा स्ट्रायकर कुठे, हा प्रश्न तिथल्या तिथे.

आपला स्ट्रायकर सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, चाळिशीत, आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्याने गोल मारला. मला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब त्यांना कुठे लावणार? जिथे गोल होतात तिथेच. आपली पोरं मग विंगला किंवा बाकावर. २०२४-२५ च्या मोसमात सर्वाधिक २३ गोल नॉर्थईस्ट क्लबच्या अजाराईचे, तो मोरोक्कोचा. भारतीयांत पहिला कोण? १४ गोल मारणारा छेत्रीच. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुढची लीगच सुरू झालेली नव्हती, करारांच्या घोळात. सराव कुठे करणार, नेटफ्लिक्सवर?

(आपल्या बायकांच्या टीमने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवून २०२६ चा आशियाई कप गाठला. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. ती मॅच माझ्याबरोबर बघायला कोणी नव्हतं, त्याची भरपाई म्हणून इथे लिहून ठेवतोय.)

आमच्याकडे रविवारी वेळागरला किनाऱ्यावर मॅच होते. सुकतीला. पाणी मागे गेलं की ओली घट्ट वाळू दोन-अडीच तास मिळते, सुरूच्या बनाकडून चार काठ्या आणून गोल करायचे. चौदा पोरं असतात आणि त्यातली बारा स्ट्रायकर. मागे कोण राहणार यावरून दर रविवारी भांडण. शेवटी सगळ्यात लहान पोराला उभा करतात.

माझा भाचा त्या बारांतला. डाव्या पायाने असा मारतो की बॉल आणायला गुडघाभर पाण्यात जावं लागतं. यंदा त्याला एका अकॅडमीत घातलं. ह्या रविवारी आला तर बघतो, पोरगा स्वतःहून मागे उभा.

"काय रे, पुढे जा की."

"सरांनी सांगल्यानी, तू उंच असस, मागे खेळ. पुढे परदेशीच घेतत, म्हणाले."

तेरा वर्षांचा आहे तो. मी काही बोललो नाही. शिट्टी घेतली आणि त्या दिवसापुरता नियम केला: जो मागे उभा राहील त्याचा गोल डबल. भांडण झालंच, पण या वेळी मागे राहण्यासाठी. भाच्याने दोन मारले, दोन्ही अर्ध्या मैदानावरून धावत येऊन.

मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगशी एक सामना उरला होता, त्याचा कशालाच उपयोग नव्हता. मित्राने विचारलं, "जातंस?"

मैदान कुठचं ते तरी कळू दे, म्हटलं.