शाळा सोडण्याचे कारण

मुलांना घरी शिकवणारी काही कुटुंबे नाशिकमध्ये एकत्र येऊन एक पालकगट चालवतात, आणि गेल्या वर्षी आमची मुलगी त्या गटात दाखल झाली. गटाने आम्हाला सहज सामावून घेतले. आमची परीक्षा पाहिली ती शाळा सोडल्याचा दाखला देताना तिच्या आधीच्या शाळेच्या कार्यालयाने. ज्या पालकांच्या मनात असा विचार घोळत असेल त्यांनी त्या टप्प्याची तयारी आधीपासून ठेवावी, म्हणून हे लिहीत आहे. तो मनस्ताप अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही, हे लपवण्याचे कारण नाही.

गटाची पद्धत साधी आहे. तेथे फी नसते. सभागृहाचे भाडे, साहित्य आणि सहलींचा खर्च सर्व कुटुंबे वाटून घेतात. प्रत्येक कुटुंबातील एका पालकाने आठवड्यातून एक दिवस सर्व मुलांना शिकवायचे असते, त्यामुळे मुलाला सोडून कामाला निघून जाण्याची सोय तेथे नाही, आणि ती नाही हेच मला आवडले. सुरुवातीला आई, वडील आणि मूल अशा तिघांशी बोलणे होते, त्यानंतर काही आठवडे मूल नुसते येऊन बसते, आणि दोन्ही बाजूंना पटले तर नाव नोंदवले जाते. आमचे हे सारे मे महिन्यातच झाले.

गटाची एकच लेखी अट होती: मूल कोणत्याही शाळेच्या पटावर असता कामा नये. ही अट योग्यच आहे. पटावर नाव ठेवून मूल वर्गात गैरहजर राहिले की शाळाबाह्य मुलांच्या शोधमोहिमेत त्याचे नाव येते आणि चौकशी सुरू होते. शिवाय पुढे राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसायचे, म्हणजे सतरा नंबरचा अर्ज भरायचा, तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. गटातील जाणत्या पालकांनी हे आम्हाला पहिल्याच भेटीत समजावून सांगितले होते.

शाळा जूनमध्ये उघडताच आम्ही दाखल्यासाठी अर्ज घेऊन गेलो. मुलगी चौथी उत्तीर्ण झालेली, शाळा अनुदानित असल्यामुळे फीची थकबाकी असण्याचा प्रश्न नव्हता, ग्रंथालयाची पुस्तके परत केलेली होती. लिपिकांनी अर्ज वाचला आणि विचारले, ‘पुढची शाळा कोणती?’ शाळा नाही, आम्ही घरी शिकवणार आहोत, असे सांगितल्यावर त्यांनी अर्ज तसाच आमच्याकडे सरकवला. पुढच्या शाळेकडून ऑनलाइन मागणी आल्याशिवाय मुलीचे नाव कमी करताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्याध्यापकांना भेटलो तर त्यांनी कायदा सांगितला: सहा ते चौदा वर्षांचे मूल शाळेतच असले पाहिजे. त्यानंतर कधी साहेब बैठकीला गेलेले असत, कधी दाखल्याचे पुस्तक कपाटात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असे. एकदा मात्र लिपिकांनी मोकळेपणाने सांगून टाकले, ‘बाई, तीस सप्टेंबर होऊन जाऊ द्या, मग बघू.’

त्या एका वाक्याने सगळा उलगडा झाला. अनुदानित शाळेत शिक्षकांची किती पदे मंजूर होणार हे संचमान्यतेत ठरते आणि त्यासाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. पट घसरला तर एखादे पद जाते आणि एखाद्या शिक्षकावर अतिरिक्त ठरण्याची वेळ येते. ही अडचण खरी आहे, आणि त्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यासाठी जे मूल वर्गात बसणार नाही त्याचे नाव पटावर ठेवायचे आणि पालकांना महिनोन्‌महिने खोटी कारणे सांगत फिरवायचे, हे मला तेव्हा मान्य नव्हते आणि आजही नाही.

कायद्याविषयी आम्ही स्वतः वाचन केले, आणि प्रत्येक पालकाने ते करावे. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 ने मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले आहे, हे मुख्याध्यापकांचे म्हणणे बरोबर होते. मात्र त्यासाठी पालकांना कोणतीही शिक्षा त्या कायद्यात नाही, आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही त्यात नाही. आमच्या मनाला खरा आधार मिळाला तो कलम 4 मुळे: शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद तेथे आहे. म्हणजे उद्या मुलीला परत जावेसे वाटले तर दार उघडे आहे. घरातील वडीलधाऱ्यांची समजूतही याच कलमाने पटली.

आमची कोंडी फोडली ती शिक्षण विभागातील एका अधिकाऱ्यांनी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की कागदावरचा दाखला आणि ऑनलाइन नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत विद्यार्थी दाखला घेऊन शाळा सोडून गेल्याची नोंद करता येते. मग त्याचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, राहते आणि पुढे कोणतीही शाळा ते तेथून आपल्याकडे घेऊ शकते. पुढच्या शाळेच्या मागणीवाचून काही अडत नाही. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे आई आणि वडील दोघांच्या सह्यांचा नवा अर्ज लिहिला, कारण म्हणून ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच घातले, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हललो नाही. शिक्का देताना लिपिकांनी बराच वेळ लावला. आम्ही उभे राहिलो. पोळा होऊन गेला होता, आणि गणपती बसण्याच्या आधी दाखला हातात आला, म्हणजे तीस सप्टेंबरच्या बऱ्याच आधी. याचा मला अभिमान वाटतो.

तेव्हा पहिल्याच दिवशी पोच घ्या. तोंडी विनंतीला कार्यालयात काहीही किंमत नसते. दाखला हातात आल्यावर तो तेथेच उभे राहून वाचा: नावाचे स्पेलिंग, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी. पुढे जातीच्या दाखल्यासाठी हाच कागद लागतो आणि नंतरची दुरुस्ती फार कष्टाची असते. खरे तर दाखला लिहिला जाण्यापूर्वीच शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पाहून घेणे उत्तम, कारण दाखला तिच्यावरूनच उतरवला जातो. मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे यू-डायसमधील कायमचा शैक्षणिक क्रमांक, तोही मागून घ्या. शाळेत परतायचे झाले तर तो लागेल.

गटात जाण्यापूर्वी परीक्षांचा मार्ग ठरवण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेला दहा वर्षे पूर्ण लागतात आणि आठवीच्या परीक्षेला तेरा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला चौदा. विचार करायला वेळ असतो.

आता माझ्याकडे सोमवारचे गणित आहे. यांच्या भावाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, तेथे ऑक्टोबरच्या छाटणीला मुले गेली आणि एका काडीवर किती डोळे ठेवायचे हे मजुरांकडून शिकून आली. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला सर्व कुटुंबे गेली होती. गटात नव्या नोंदणीविषयीची बोलणी एप्रिल-मे महिन्यांत होतात. त्यामुळे ज्यांना यायचे आहे त्यांनी शाळेतील रजिस्टरची नोंद वार्षिक परीक्षा संपताच पाहून घ्यावी आणि दाखल्याचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा.