रेनो ५ टर्बो, १/२४: मागचे फुगवटे झाले, पिवळा चढला

रेनो ५ टर्बो या जुन्या रॅली गाडीचं १/२४ स्केलचं (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं) किट मी बनवतोय. मागच्या नोंदीत बॉडीवरचा जुना रंग उतरवून झाला होता. त्यानंतरचे तीन आठवडे सगळे मागच्या चाकांवरच्या दोन फुगवट्यांवर, म्हणजे बाहेर आलेल्या मडगार्डवर गेले. या गाडीत मला जे आवडतं ते सगळं तिथेच आहे, त्यामुळे वेळेचं काहीच वाटलं नाही.

साधी रेनो ५ म्हणजे पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं गाडी ओढणार. टर्बोमध्ये ते इंजिन उचलून सीटच्या मागे ठेवलं, मागचं सीट गेलं, ताकद मागच्या चाकांकडे गेली. १३९७ सीसी आणि टर्बो, रस्त्यावरच्या गाडीलाही १६० हॉर्सपॉवर. मागे रुंद टायर बसवायचे म्हणून मडगार्ड बाहेर आले, आणि पोटातल्या इंजिनाला हवा लागते म्हणून त्याच मडगार्डच्या तोंडाशी झरोके आले. बर्टोने या इटालियन डिझाइन कंपनीकडच्या मार्क देशां यांनी ओढलेली ती रेघ कितीही देखणी असली तरी तिच्यातला एकही मिलिमीटर नुसत्या दिखाव्याचा नाही. रॅलीत उतरायचं तर ग्रुप ४ या गटाच्या नियमाप्रमाणे अशा ४०० गाड्या बनवाव्या लागणार होत्या, त्या फ्रान्समधल्या दिएपच्या आल्पीन कारखान्यात बनू लागल्या.

माझ्या किटमध्ये मात्र हे झरोके बंद आहेत, नुसता खड्डा दिलाय. काळा रंग मारून भागतं, पण प्रकाश तिरका पडला की तळ दिसतो. म्हणून कडेकडेने ०.८ मिमीची भोकं पाडत गेलो, मधला तुकडा काढला आणि बारीक कानशीने कड इतकी पातळ केली की ती पत्र्यासारखी वाटावी. डावी बाजू दोन संध्याकाळी झाली. उजवीकडे कानस घसरली आणि मडगार्डच्या उभारावर खोल ओरखडा आला. पुट्टी, सहाशेचा पेपर, मग हजारचा, प्रायमर, पुन्हा पुट्टी असं तीनदा करावं लागलं. आता बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. झरोक्याच्या आत बारीक जाळी चिकटवली आहे, तिच्यामागे अंधार दिसतो.

पिवळ्याबद्दल एक सांगतो, कारण यावर बरेच जण अडतात. राखाडी प्रायमरवर पिवळा मारला की हिरवट झाक येते. पांढऱ्यावर लिंबासारखा दिसतो. मी खाली फिका गुलाबी दिला आणि वर पिवळ्याचे अगदी पातळ चार हात एअरब्रशने चढवले. रंग उबदार आला, आणि दरवाजांच्या रेघाही भरून गेल्या नाहीत.

मी बनवतोय ती गाडी अर्थातच १९८१ च्या मोंते कार्लो रॅलीची, चालक झां रान्योत्तींची. त्याच रॅलीत ऑडी क्वात्रो पहिल्यांदा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरली होती. बर्फात चारही चाकं ओढणारी गाडी आणि हानु मिकोला चालवणारे, त्यामुळे सुरुवातीला ते सगळ्यांना मागे टाकून निघाले. पुढे त्यांची गाडी आपटली, आणि शेवटी ही मागच्या चाकांवर चालणारी आखूड गाडी जिंकली. पुढच्या वर्षी रान्योत्तींनी रेनो ५ टर्बोमधूनच कॉर्सिकाची रॅलीही जिंकली. क्वात्रोनंतर रॅलीचं सगळं गणितच पालटलं, म्हणून मला मोंते कार्लोचा तो निकाल इतका मोलाचा वाटतो.

आता नवीन गाडीकडे येतो. २०२५ मध्ये रेनोने ५ टर्बो ३ई दाखवली तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. विजेवर चालणारी, मागच्या दोन्ही चाकांच्या आतच एकेक मोटर, मिळून ५४० हॉर्सपॉवर, आणि बनणार फक्त १९८० गाड्या. तिचं किट माझ्याकडे नाही, म्हणून जाड पुठ्ठ्यातून त्याच स्केलचा ठोकळा कापून जुन्या बॉडीशेजारी ठेवला. जुनी गाडी ३.६६ मीटर लांब आणि १.७५ मीटर रुंद, म्हणजे स्केलमध्ये साधारण १५३ बाय ७३ मिमी. नवीन ४.०८ मीटर लांब आणि २.०३ मीटर रुंद, म्हणजे १७० बाय ८५. लांबीतला फरक डोळ्याला फारसा खटकत नाही. रुंदीतला बारा मिलिमीटर मात्र अंगावर येतो.

नवीन गाडीत सीटच्या मागे इंजिन नाही, तरीही फुगवटे आहेत, जुन्यापेक्षा मोठेच. आधी मला ती नुसती आठवणीची नक्कल वाटली होती. ठोकळ्यावर चाकं आखायला बसलो तेव्हा मत बदललं. मोटर चाकातच बसवायची आणि एवढी ताकद दोनच टायरांमधून रस्त्यावर उतरवायची, तर मागे जागा लागणारच. जुन्या गाडीत फुगवट्याखाली रुंद टायर आणि इंजिनाची हवा होती, इथे मोटरच जाऊन बसली आहे. ठोकळा ठेवून देणार होतो, आता त्यावर पुट्टीचा पहिला थर दिलाय.

डेकल्सचं, म्हणजे पाण्यात भिजवून बॉडीवर चिकटवायच्या नक्षी-आकड्यांचं काम अर्धवट आहे. किट जुनं, त्यामुळे शीट पिवळी पडली होती. खिडकीच्या काचेला आतून चिकटवून दोन आठवडे उन्हात ठेवली, पांढरा बऱ्यापैकी परत आला. पण चाचणीसाठी एक छोटं डेकल पाण्यात टाकलं तर त्याचे पाच तुकडे झाले. आता संपूर्ण शीटवर क्लिअर लॅकरचे दोन हात दिलेत, त्यामुळे प्रत्येक डेकल कडेने कापून घ्यावं लागेल. पुढे बॉनेटवरचे जादा दिवे लावायचे आहेत. त्यांच्या काचा किटमधल्या न वापरता पारदर्शक शीटमधून कापतोय, सहापैकी दोन कापून झाल्या.