चादर, शेंगाचटणी आणि कर्तव्यपथ

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस पकडली तेव्हा आई म्हणाली चादर घे रे दिल्लीत लई थंडी असते, मी म्हटलं जॅकेट आहे की, पण तिने बॅगेत कोंबलीच, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी. २६ जानेवारी २०२५ ची परेड बघायची होती, संविधान लागू होऊन ७५ वर्षं झाली म्हणून यंदा जायचंच असं मित्राचं आणि माझं ठरलेलं.

पहाटे ३ पासून मेट्रो चालू होती. डबा गच्च भरलेला, आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफा. परेड होते त्या कर्तव्यपथाच्या गेटवर चेकिंगमध्ये खिशातली चटणीची पुडी निघाली, तो जवान हुंगून बघतो काय, हसतो काय, पण ठेवून घेतलीच बघा. खायचं काही आत नेता येत नाही म्हणे. पावर बँक पण गेली.

मग थंडीत नुसतं बसून राहायचं. चादर अंगावर तशीच, शेजारची काकू म्हणाली ये कहाँ की है, म्हटलं हमारे सोलापूर की.

साडेदहाला राष्ट्रपती मुर्मू बग्गीतून आल्या, सोबत प्रमुख पाहुणे, इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पण पाहुणे इंडोनेशियाचेच होते, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो. राष्ट्रगीत आणि २१ तोफा एकदमच, प्रत्येक आवाजाला छातीत धस्स होतं, टीव्हीवर हे कळतच नाही. मला एकदम आपला सोलापूरचा चार हुतात्मा चौक आठवला, स्वातंत्र्यासाठी १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले आपले चौघे. मित्राकडे बघितलं तर तो डोळे पुसत होता, विचारलं तर म्हणे थंडीने पाणी येतंय बे.