मातीच्या बरण्या: या वेळी ढेकळांची फेरी

या फेरीला तीन माती आहेत: मंगळवेढ्याची काळी, रत्नागिरीच्या जांभ्यावरची तांबडी आणि शिरोळकडच्या ऊसपट्ट्यातली चोपण (सोडियम साचून बिघडलेली माती). मागे बरणीत ढवळून वाळू, पोयटा, चिकणमातीचे थर मोजले, तेव्हा काळी आणि चोपण जवळजवळ सारख्याच दिसल्या होत्या. शेतात मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक! म्हणून आता ढेकूळ परीक्षा.

बोराएवढं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या साठवलेल्या पाण्यात अलगद सोडायचं आणि हात लावायचा नाही. बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांनी चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि चोपणही शहाण्यासारखी वागते.

काळीचं ढेकूळ बघताबघता ढासळलं, पण पाणी बऱ्यापैकी नितळ. तिचे कण कॅल्शियमने बांधलेले असतात. व्हिनेगरचे थेंब टाकले तर चुनखडीमुळे फसफसलीही. अशा खोल जमिनीत पावसाळ्याची ओल टिकते, त्यावरच तिथली मालदांडी ज्वारी रब्बीत कोरडवाहू पिकते. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, साधणं मात्र कसरत: आधी चिखल, नंतर दगड.

चोपणची मजाच वेगळी. ढेकळाभोवती ताकासारखं वलय उठलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच. हा सोडियमचा प्रताप. शेतात हेच सुटे कण छिद्रं बुजवतात, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. चिमूटभर जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) घालून ढवळलं, तर गाळ खाली बसला. पण शेतात एवढ्यावर भागत नाही. कॅल्शियमने हुसकलेला सोडियम वाहून जायला निचरा लागतो, म्हणून तिकडे जमिनीत सच्छिद्र पाइप पुरतात. नुसती जिप्समची पोती ओतणं म्हणजे अर्धंच काम.

जांभ्याचं ढेकूळ ढिम्म. लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडनी घट्ट धरलेलं. व्हिनेगरलाही दाद नाही, कारण कोकणच्या पावसाने चुना कधीच धुऊन नेलेला. आम्लधर्मी, पाणी न धरणारी आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवणारी ही माती. काजू-हापूसला चालते, भाजीला शेणखताशिवाय नाही.

आता हवी आहे पांढरे क्षार फुललेली, पण चोपण न झालेली खारवट माती. माझा अंदाज, तिचं पाणी नितळ राहील. कुणाकडे असेल तर मूठभर काढून ठेवा, मात्र पावसाळ्याआधी. नंतर वरचे क्षार धुऊन जातात.