तिसऱ्यांदा रबर बदलायला आलेली मारुती 800

मागच्या जूनची गोष्ट आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला होता पण ऊन काही 45 च्या खाली यायला तयार नव्हतं, आणि दरवर्षी याच आठवड्यात आमच्या नागपूरच्या मानेवाडा रोडच्या गॅरेजवर दाराचं रबर बदलायच्या गाड्या येतात, कारण मृग लागला की लोकांना आठवते मागच्या पावसात गाडीत पाणी आलं होतं.

दुपारी एक रिटायर्ड शिक्षिका आल्या, स्वतः चालवत, पांढरी 1998 ची मारुती 800. ही गाडी कंपनीनं 2014 ला बंद केली पण रबर अजून मिळते, त्या घेऊनच आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, डाव्या समोरच्या दाराचं रबर लावून द्या, दोन वर्षांत तिसऱ्यांदा बदलवून राहिली मी."

मी म्हटलं हाव मॅडम, तासाभराचं काम आहे, आणि पोऱ्याला सांगितलं जुनं काढ. तेवढ्यात त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. दोन पावसाळ्यांची नोंद होती त्यात, तारीख, पाऊस किती वेळ, गाडी उभी होती की चालू, पाणी कुठं. मी वाचत गेलो तर जवळपास प्रत्येक ओळीत एकच, डावीकडे पायाशी पाणी, सीट कोरडी.

सीट कोरडी! मी पोऱ्याला म्हटलं थांब बे, हात नको लावू. दाराच्या रबराची फट वरून असती तर पाणी आधी सीटवर पडलं असतं न, खाली पायाशीच कसं जाईन?

पाईप लावून काचेवर पाणी सोडलं आणि मी आत टॉर्च घेऊन बसलो, त्या उन्हात बंद गाडीत, अंगातून धारा लागल्या. पाच-सात मिनिटांनी दाराला आतून जे पॅड लावलेलं असते त्याच्या खालून पाण्याची बारीक धार निघाली. रबर जिथं बसते तिथं थेंब नाही.

मग पॅड काढलं. काच वरखाली करायच्या हँडलमागं एक क्लिप असते, मागून फडकं घालून इकडून तिकडं ओढलं की ती सुटते, स्क्रूड्रायव्हर घालून लोक पॅड फाडतात म्हणून सांगतो. आत बघतो तर प्लास्टिकचा पडदा खालून चौकोनी कापलेला. स्पीकर बसवताना कोणीतरी कापला असंन आणि तसाच सोडला. आता गोष्ट अशी आहे की काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दारात जातेच, ते चूक नाही, म्हणूनच दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, पाणी तिथून रस्त्यावर पडते. प्लास्टिक त्या पाण्याला आत येऊ देत नाही. इथं प्लास्टिक कापलेलं आणि भोकं कडुनिंबाच्या पाल्यानं न मातीनं गच्च, मॅडमची गाडी वर्षानुवर्षं निंबाखालीच उभी राहायची. पाणी दारात साचायचं आणि पॅडमधून पायाशी.

भोकं तारेनं मोकळी केली तेव्हा काळं पाणी भळभळ आलं. मॅडम ते बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही वेळा रबर उगाच बदललं?" मला खूप वाईट वाटलं, कारण मी पण वही पाहिली नसती तर तेच केलं असतं, तासाभरात पैसे घेऊन मोकळा.

आतला गंज घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग मारला, जाड प्लास्टिक कापून ब्यूटाइल टेपनं, म्हणजे पाणी न जाऊ देणाऱ्या चिकट रबरी पट्टीनं, चारही बाजूंनी चिकटवलं.

आणि रबर पण लावलंच, कारण मागच्यानं ते ओढून ओढून बसवलं होतं न जोड वर कोपऱ्यात, उन्हात आकसून तिथं बोटभर फट पडली होती, म्हणजे उद्या सीटही भिजली असती. नवीन रबर आधी अर्धा तास उन्हात पसरून ठेवलं, घड्या मोडतात. जोड खाली मधोमध धरला, कोपऱ्यांत रबर थोडं आत ढकलत गेलो, कुठंच ताणलं नाही, शेवटी सेंटिमीटरभर जास्त ठेवून कापलं म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना दाबून बसतात. मग दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सगळीकडून सारखी अडकत आली पाहिजे. वरच्या एका कोपऱ्यात सहज निघाली, तिथं पत्र्याची कडा वाकली होती, पक्कडनं सरळ केली.

पुन्हा वीस मिनिटं पाणी मारलं. पायाशी कोरडं. मॅडमनी तिथंच बोनेटवर वही ठेवून तारीख लिहिली, आणि म्हणाल्या, "स्पीकर उजवीकडे पण आहे न?"

उजवं पॅड काढलं. प्लास्टिक तिकडेही कापलेलंच होतं, भोकं तेवढी मोकळी होती म्हणून पाणी खाली जात होतं. अंधार पडेपर्यंत तेही करून दिलं.