सातपुड्यासाठी दुर्बीण निवडताना

दुर्बीण घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "किती लांबचं दिसतं?" मीही बारा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारून २०×५० असे आकडे असलेली दुर्बीण विकत घेतली आणि तोरणमाळला गेलो. सकाळी आठच्या सुमारास सागाच्या निष्पर्ण फांदीवर एक लहानसे घुबड बसलेले होते. सोबतचा पावरा वाटाड्या हळूच म्हणाला, "भाऊ, डोक्यावर ठिपके आहेत का, तेवढं पाहा." साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ ज्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि जो २५ नोव्हेंबर १९९७ रोजी आपल्याच शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो हा रानपिंगळा असू शकत होता. फांदी जेमतेम चाळीस पावलांवर होती, पण दुर्बिणीत मला दिसला तो फक्त थरथरणारा तपकिरी गोळा. पक्षी उडून गेला आणि वहीत "पिंगळा, जात अनिश्चित" एवढेच लिहावे लागले. ती नोंद मला अजूनही सलते.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला वर्धनाचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. वीसपट वर्धन म्हणजे पक्षी वीसपट जवळ, हे खरे. पण हाताचा कंपही वीसपट वाढतो आणि दिसणारा परिसर आक्रसतो. चांगल्या ८×४२ दुर्बिणीतून हजार मीटर अंतरावर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. वीसपटीच्या दुर्बिणीत तो निम्म्याहूनही कमी होतो, त्यामुळे फांद्यांच्या जाळीत पक्षी नेमका कुठे बसला आहे हे शोधण्यातच वेळ जातो. तिकाटण्याशिवाय (ट्रायपॉडशिवाय) हातात धरून पाहायचे असेल तर दहापटीच्या पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या खानदेशात याला उन्हाचीही जोड मिळते. मार्चनंतर हतनूरच्या जलाशयावर सकाळी दहा वाजले की तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा उठू लागतात आणि पलीकडच्या काठावरचे चक्रवाक पाण्यात विरघळल्यासारखे हलतात. वर्धन जितके जास्त, तितकी ही थरथरही मोठी दिसते. कितीही महाग भिंग घेतले तरी तापलेल्या हवेवर त्याचा इलाज नाही. अशा वेळी आठपटीतून पाहिलेला पक्षी बारापटीतल्यापेक्षा ओळखायला सोपा जातो.

प्रकाशाचा हिशेब मात्र मी शिकलो तो शिकारीसाठी बनवलेल्या दुर्बिणींवरून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे; पण युरोपात रात्री मचाणावर बसणारे शिकारी ८×५६ दुर्बीण का पसंत करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×५६ मध्ये तो ७ मिलिमीटर, ८×४२ मध्ये सव्वापाच, तर माझ्या त्या २०×५० मध्ये केवळ अडीच. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सातपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती बहुधा पाचच्या आसपासच थांबते. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला ५६ चे भिंग उपयोगी पडेल, पण माझ्या वयाच्या माणसाने त्याचे जादा वजन गळ्यात वागवून फारसे काही साधत नाही. मी आता ८×४२ वापरतो. उघड्या माळरानावर काळवीट किंवा शिकारी पक्षी पाहणाऱ्याने १०×४२ घ्यायला हरकत नाही.

दुकानात गेल्यावर दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून मागच्या भिंगांकडे पाहावे. तिथे दिसणारी प्रकाशाची चकती पूर्ण गोल असावी. कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. पुढची भिंगे आरशासारखी लालभडक चमकत असतील किंवा वर्धन शंभरपट असल्याचा दावा असेल, तर ती दुर्बीण परत ठेवून द्यावी. चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांतले अंतर किमान पंधरा-सोळा मिलिमीटर असलेलीच दुर्बीण घ्यावी, नाहीतर दृश्याच्या कडा दिसतच नाहीत. नंतर दुकानाबाहेर येऊन रस्त्यापलीकडची पाटी पाच मिनिटे सलग वाचावी. डोळ्यांवर ताण आला किंवा कपाळ दुखू लागले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजावे आणि दुसरा नग मागावा.

घरी आणल्यावर आधी उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे दृश्य स्पष्ट करावे, मग डावे झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी. ही कडी आपल्या डोळ्यांसाठी नेमकी कुठे थांबते, तिथे मी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला आहे, म्हणजे दुर्बीण दुसऱ्याच्या हातून परत आली तरी सागावरचा पक्षी उडण्याआधी ती जागेवर येते.